डास सापडला, पुढे काय?

केटी लागली की घरात काय वातावरण असतं, हे तुमच्यापैकी कित्येकांना सांगायला नको. आई बोलते, बाबा बोलत नाहीत, आणि शेजारच्या काकूंना निकालाची तारीख आपल्यापेक्षा जास्त पक्की ठाऊक असते.

१८७९ साली लंडनमध्ये एका मेडिकलच्या विद्यार्थ्यावर हीच वेळ आली होती. डॉक्टरकीच्या दोन परीक्षा होत्या. एक सुटली, दुसरीत तो आपटला. वडील भारतातल्या ब्रिटिश लष्करात अधिकारी. पोराने डॉक्टर व्हावं आणि भारतात सरकारी नोकरी धरावी, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. पोराला मात्र चित्रं काढायची होती, कविता लिहायच्या होत्या, संगीत रचायचं होतं. थोडक्यात, मेडिकल सोडून सगळं करायचं होतं. नापास झाल्यावर त्याने जहाजावर डॉक्टरची नोकरी पत्करली, १८८१ मध्ये राहिलेली परीक्षा काढली आणि इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या परीक्षेला बसला. २२ जण निवडले गेले, त्यात याचा नंबर १७ वा.

हा मुलगा म्हणजे रोनाल्ड रॉस. १९०२ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळवणारा. भारतात जन्मलेला पहिला नोबेल विजेताही तोच.

शाळेच्या पुस्तकात रॉसला दोन ओळी मिळतात. मलेरिया डासामुळे होतो हे त्याने सिकंदराबादेत शोधलं, त्याला नोबेल मिळालं, विषय संपला. खरी गंमत आणि खरं दुखणं त्या दोन ओळींच्या पुढे आहे. डास सापडल्यावर मलेरिया थांबला नाही. तो थांबवायचा कसा, हे शोधण्यात रॉसची पुढची कित्येक वर्षं गेली. त्या शोधाच्या मध्यभागी होती लहान मुलं. ती गोष्ट तुम्हाला फारशी कुणी सांगितली नसेल, म्हणून आज ही.

बंगलोरचं पिंप

रॉसचा जन्म १३ मे १८५७ चा, अल्मोड्याचा. तारीख नीट बघा. १० मेला मेरठला उठावाचा भडका उडाला आणि तिसऱ्या दिवशी कुमाऊँच्या डोंगरात हे बाळ जन्मलं. आठव्या वर्षी त्याला शिकायला इंग्लंडला पाठवलं. तो परतला तो २४ व्या वर्षी, सैनिकांचा डॉक्टर म्हणून, मद्रास इलाख्यात.

सुरुवातीची वर्षं त्याने कशी काढली असतील? काम कमी, वेळ भरपूर. त्याने कादंबऱ्या लिहिल्या, कविता केल्या, आणि एक विचित्र छंद लावून घेतला: गणित. कुणी सांगितलं नव्हतं, परीक्षेला नव्हतं, नोकरीत उपयोग नव्हता. आवडलं म्हणून तो पुस्तकं आणून एकटाच सोडवत बसायचा. हा छंद लक्षात ठेवा, पंचवीस वर्षांनी तो कामाला येणार आहे.

१८८३ च्या सुमारास तो बंगलोरला होता. बंगल्यात डास इतके की बसवेना. शोधता शोधता त्याला खिडकीबाहेर पाण्याचं एक पिंप दिसलं, अळ्यांनी वळवळणारं. त्याने ते उपडं केलं. काही दिवसांत डास कमी झाले. खूश होऊन त्याने तिथल्या लष्करी अधिकाऱ्याला सुचवलं, की मेसच्या आजूबाजूची डबकीही अशीच रिकामी करूया. त्या गृहस्थाला हे पटलं नाही. निसर्गाने डास निर्माण केलेत तर ते सोसायला हवेत, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलला. तेव्हा डासाचा आणि हिवतापाचा संबंध रॉसच्याही डोक्यात नव्हता. पण काम साधं असलं तरी माणसं ते करतीलच असं नाही, हा धडा त्याला तिथे पहिल्यांदा मिळाला.

दोन वर्षं चुकीचे डास

मलेरिया हा शब्दच मुळी खराब हवा या अर्थाचा. दलदलीतून विषारी वाफ निघते आणि ताप येतो, अशी शेकडो वर्षांची समजूत. १८८० मध्ये अल्जीरियात लावरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरला रुग्णाच्या रक्तात जिवंत परजीवी दिसला. म्हणजे ताप हवेने येत नाही, जंतूने येतो. पण तो जंतू रक्तात शिरतो कुठून?

रॉसचा आधी त्या जंतूवरच विश्वास नव्हता, कारण त्याला तो कधी दिसलाच नव्हता. १८९४ मध्ये रजेवर लंडनला गेला असताना पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने त्याला मायक्रोस्कोपखाली तो दाखवला. मॅन्सनने काही वर्षांपूर्वी चीनमध्ये असताना हत्तीरोगाच्या कृमी डासाच्या पोटात वाढताना पाहिल्या होत्या. मलेरियातही डासच असणार, असा त्याचा तर्क होता. त्याचा अंदाज असा: डास रक्त पितो, पाण्यात मरतो, जंतू पाण्यात उतरतात आणि लोक ते पाणी पितात. अर्धा बरोबर, अर्धा चूक.

१८९५ मध्ये रॉस सिकंदराबादला आला तो हे सिद्ध करायचंच असं ठरवून. ज्यात डास मेले ते पाणी त्याने काही माणसांना पाजूनही बघितलं. एकाला थोडा ताप आला, बाकीच्यांना काही झालं नाही. आज असा प्रयोग कुठल्याही एथिक्स कमिटीसमोर टिकणार नाही आणि टिकूही नये. तेव्हा अशी कमिटीच नव्हती. प्रयोग करणारा गोरा अधिकारी होता आणि पाणी पिणारे गरीब भारतीय. रॉसची गोष्ट सांगताना हे गाळून चालणार नाही.

मग तो डास चिरायला लागला. मलेरियाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवायचं, आत डास सोडायचे, रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडायचे, काही दिवस जगवायचे, आणि मग सुईच्या टोकाने पोट फाडून मायक्रोस्कोपखाली कणाकणाने बघायचं. एका डासाला तास-दोन तास. असे किती डास त्याने चिरले असतील याचा हिशेब सोडा, पण काही सापडलं नाही. मध्येच बंगलोरला कॉलऱ्याची साथ आली आणि त्याला तिकडे धाडलं. दीड-दोन वर्षं त्यातच गेली.

का सापडत नव्हतं? कारण तो जे करडे आणि पट्टेवाले डास चिरत होता, ते माणसाचा मलेरिया वाहतच नाहीत. त्याची पद्धत चोख होती, हातही बसलेला होता, फक्त डास चुकीचा होता. प्रोजेक्टमध्ये सगळं बरोबर करूनही उत्तर न येणं म्हणजे काय, हे तुम्ही अनुभवलं असेल, तर तुम्हाला रॉसचे ते दिवस कळतील.

२० ऑगस्ट

१८९७ च्या पावसाळ्यात तो पुन्हा सिकंदराबादला होता. इकडे महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मुंबई-पुण्यात प्लेग होता आणि २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली होती. ही दोन साथींची गोष्ट लवकरच एकमेकींना भेटणार आहे.

ऑगस्टच्या मध्यावर रॉसच्या मदतनीसाने काही वेगळ्या अळ्या आणून दिल्या. त्यातून जे डास निघाले त्यांच्या पंखांवर ठिपके होते. आज आपण त्यांना ॲनोफिलीस म्हणतो. हुसेन खान नावाचा मलेरियाचा रुग्ण होता. चावणाऱ्या दर डासामागे एक आणा, असा त्याच्याशी सौदा ठरलेला. १६ ऑगस्टला ठिपकेवाले डास त्याला चावले. पुढच्या चार दिवसांत त्यातले बरेचसे मेले किंवा तपासण्यात संपले. मोजके उरले.

२० तारखेला उकाडा प्रचंड होता. पंखा ओढायची सोय होती, पण वाऱ्याने डास उडून जातील म्हणून रॉसने पंखा बंद ठेवला होता. कपाळावरून गळणाऱ्या घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते, भिंगाला तडा गेला होता. दुपारी त्याने ठिपकेवाल्या डासाचं पोट उघडलं. सगळं नेहमीसारखं. अगदी शेवटी पोटाच्या भिंतीत त्याला एक गोल पेशी दिसली आणि तिच्यात काळे कण. मग आणखी काही. तसे काळे कण फक्त मलेरियाच्या जंतूत असतात, हे त्याला पाठ होतं. दुसऱ्या दिवशी आणखी एक डास चिरला, तर त्यातल्या पेशी कालच्यापेक्षा मोठ्या होत्या. म्हणजे जंतू डासाच्या आत वाढत होता.

त्या रात्री त्याने कविता लिहिली. परीक्षेत आपटलेल्या कवीला हे शोभूनच दिसतं. २० ऑगस्ट आज जगभर डास दिन म्हणून पाळतात.

ऑर्डर आली, सामान बांधा

आता तुम्हाला वाटेल, सरकारने त्याला प्रयोगशाळा, माणसं, पैसा सगळं दिलं असेल. सप्टेंबरमध्ये त्याची बदली झाली, राजपुतान्यातल्या खेरवाड्याला. तिथे मलेरिया जवळपास नव्हताच. शोधाच्या ऐन मध्यावर, हातात अर्धं उत्तर घेऊन, तो तिथे महिनोन्‌महिने बसून राहिला. मॅन्सनने लंडनहून पत्रांवर पत्रं लिहून वरिष्ठांकडे खटपट केली, तेव्हा फेब्रुवारी १८९८ मध्ये त्याला कलकत्त्यात संशोधनाचं काम मिळालं.

इथे प्लेग आडवा आला. मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस काढली होती. सक्तीच्या तपासण्या, विलगीकरण आणि टोचण्या यांच्या धसक्याने कलकत्त्यातही अफवा पसरल्या होत्या, दंगे झाले होते. सुई घेऊन आलेला गोरा डॉक्टर दिसला की लोक पळ काढायचे. बोटातून रक्ताचा थेंब द्यायलाही कुणी तयार होईना. आपल्याकडच्या प्लेगच्या कारभाराचे पडसाद रॉसच्या टेबलापर्यंत असे पोचले.

माणसं मिळेनात, म्हणून तो पक्ष्यांकडे वळला. चिमण्यांना, चंडोलांनाही मलेरियासारखाच आजार होतो. तो पसरवतात ते करडे डास, म्हणजे रॉस आधी वाया गेले असं समजत होता तेच. आता त्यांचा उपयोग झाला. महंमद बक्ष नावाचा मदतनीस त्याने हाताशी घेतला. डास पाळणं, पक्षी पकडणं, रात्री पिंजऱ्यांवर पहारा ठेवणं, हे सगळं त्याने सांभाळलं. जुलै १८९८ च्या सुरुवातीला रॉसने डासाच्या पोटापासून जंतूचा माग काढत काढत थेट त्याच्या लाळग्रंथी गाठल्या. मग असे डास निरोगी चिमण्यांना चाववले. काही दिवसांत त्या चिमण्यांच्या रक्तात जंतू दिसू लागले.

कोडं सुटलं होतं. पाणी पिऊन काही होत नाही. डास चावताना लाळेबरोबर जंतू आत सोडतो. मॅन्सनने जुलैअखेर एडिंबरोच्या वैद्यकीय परिषदेत ही बातमी जाहीर केली.

माणसांवर हेच दाखवायचं तेवढं बाकी होतं. तोच पुढची ऑर्डर आली, आसामात जाऊन काळा आजार तपासा. १८९८ च्या अखेरीस रोममध्ये ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या मलेरियाचं चक्र ॲनोफिलीसमध्ये पूर्ण करून दाखवलं.

श्रेय कोणाचं?

आणि मग सुरू झालं भांडण. रॉसचं म्हणणं, मुख्य शोध माझा, ग्रासीने माझ्या मागोमाग येऊन श्रेय लाटलं. ग्रासीचं म्हणणं, रॉसने चिमण्यांचा मलेरिया सोडवला, माणसांचा मी. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. पण त्याने भांडण मिटलं नाही, उलट वाढलं. रॉस पुढची तीस वर्षं लेखांतून, पत्रांतून, जाड आत्मचरित्रातून ग्रासीवर तुटून पडत राहिला. ज्या मॅन्सनने त्याला जंतू दाखवला, त्याच्यासाठी शब्द टाकला, त्याच्याशीही पुढे दुरावा आला.

देवीच्या लशीसाठी जेन्नरला ब्रिटिश संसदेने बक्षीस दिलं होतं, तसं आपल्यालाही मिळावं, यासाठीही त्याने खटपट केली. मिळालं नाही. म्हातारपणी त्याने आपली सगळी कागदपत्रं विकायला काढली.

हे वाचून रॉसबद्दलचा आदर थोडा कमी झाला तर होऊ द्या. मोठ्या माणसाने मोठं काम केलं म्हणून त्याचा स्वभावही मोठा असतोच असं नाही. आणि श्रेयाचा हिशेब मांडायचाच, तर हुसेन खान आणि महंमद बक्ष यांच्या खात्यात काय जमा झालं, हेही विचारावं लागेल. एकाच्या खात्यात दर डासामागे एक आणा होता, एवढं आपल्याला माहीत आहे.

मुलांच्या पानथरीचा हिशेब

आता त्या न सांगितलेल्या भागाकडे येऊया.

रॉसला वाटलं होतं, कारण कळलं की आजार संपला. डास पाण्यात वाढतात, पाणी काढून टाका, डास गेले, मलेरिया गेला. १८९९ मध्ये नोकरी सोडून तो लिव्हरपूलला शिकवायला लागला आणि तिथून पश्चिम आफ्रिकेत फ्रीटाउनला गेला. डबकी बुजवा, गटारं वाहती करा, डबेबाटल्या उचला, यासाठी माणसांच्या टोळ्या कशा उभ्या करायच्या, यावर त्याने पुस्तकच लिहिलं. सुएझ कालव्यावरच्या इस्माइलिया गावात हे जमलं, काही वर्षांत तिथला मलेरिया जवळपास संपला. पण लाहोरजवळच्या मियाँ मीर छावणीत १९०२ पासून हाच प्रयोग झाला आणि फसला. नाले साफ केले, पाणी काढलं, तरी डास आले आणि ताप चालूच राहिला. १९०९ मध्ये सिमल्याला भरलेल्या परिषदेत विरोधकांनी हेच उदाहरण पुढे केलं. डास मारून काही होत नाही, लोकांना कोयनेल द्या, असा सूर लागला.

रॉसचं उत्तर असं, की प्रयोगाची जागा लहान होती, पैसे तुटपुंजे होते, बाहेरून डास उडून येत होते. आणि मुख्य म्हणजे कुणी नीट मोजलंच नव्हतं. आधी किती होतं, नंतर किती राहिलं, हे माहीत नसेल, तर जमलं की फसलं ते ठरवणार कसं?

मोजायचं कसं, हे त्याने प्रत्यक्ष करून दाखवलं मॉरिशसमध्ये. १९०७ च्या अखेरीस तो तिथे तीन महिन्यांसाठी गेला. हे बेट आपल्याला परकं नाही. उसाच्या मळ्यांवर राबायला करारावर नेलेल्या लाखो भारतीयांचं ते बेट. मुंबई बंदरातून गेलेली मराठी कुटुंबंही त्यात होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी शिकतात. १८६० च्या दशकात या बेटावर मलेरिया शिरला आणि त्याने हजारो माणसं नेली.

इथे रॉसने हजारो मुलांच्या पानथरी तपासल्या. पानथरी म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखालची. निरोगी मुलाची पानथरी हाताला लागत नाही. मलेरिया पुन्हा पुन्हा झाला की ती सुजते आणि बरगडीखाली बोटांना जाणवते. सुई नको, रक्त नको, मायक्रोस्कोप नको. शाळेत मुलं रांगेत उभी करायची आणि डॉक्टरने हाताने चाचपायचं. शंभरातल्या किती मुलांची पानथरी वाढलेली आहे, तो त्या गावाच्या मलेरियाचा आकडा. ही युक्ती रॉसची नव्हे. १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांकाठी डेम्स्टर नावाच्या डॉक्टरने ती वापरली होती. रॉसने ती कामाचं मुख्य माप म्हणून उचलली.

पण मुलंच का? मोठ्यांना का नाही तपासायचं? याचं उत्तर सुन्न करणारं आहे. जिथे मलेरिया कायमचा मुक्कामाला असतो, तिथे मोठी माणसं बरीचशी ठणठणीत दिसतात. वारंवार आजारी पडून त्यांच्या शरीराने थोडीफार प्रतिकारशक्ती कमावलेली असते. ती कमावण्याची किंमत त्यांनी लहानपणी मोजलेली असते आणि ज्यांना ती परवडली नाही ती मुलं मोठी झालेलीच नसतात. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखलाही १८९९-१९०० मध्ये जावा आणि न्यू गिनीत हेच दिसलं होतं. तिथल्या लहान मुलांच्या रक्तात जंतूच जंतू, आणि मोठ्यांच्या रक्तात फार थोडे. म्हणजे मळ्याचा मालक मजुरांकडे बघून म्हणणार की इथे फारसा मलेरिया नाही, आणि त्याच मजुरांच्या खोपटात पोरं तापाने फणफणत असणार. मुलांना तपासलं नाही, तर आजार दिसतच नाही.

छंद कामाला आला

मॉरिशसच्या अहवालात रॉसने आणखी एक गोष्ट घातली, समीकरणं. मद्रासच्या रिकाम्या दुपारी सोडवलेलं ते गणित आता बाहेर आलं. सगळे डास मारणं अशक्य, हे त्यालाही मान्य होतं. मग प्रश्न असा, की सगळे मारावे लागतात का?

समजावण्यापुरते साधे आकडे घेऊया. समजा, एका आजारी माणसाला ॲनोफिलीसच्या २४ माद्या चावल्या. जंतू त्यांच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला दहा-बारा दिवस लागतात. डासांचं आयुष्य लहान, तेवढे दिवस तिघींतली एकच जगते. राहिल्या ८. त्यातल्या चौघींमागे एकीलाच पुन्हा माणूस चावायला मिळतो. राहिल्या २. म्हणजे एका आजाऱ्यामागे दोन नवे आजारी. आजार वाढत जाणार.

आता डास कमी करा. २४ ऐवजी ९ चावल्या. दहा-बारा दिवस जगल्या ३. त्यातून पुन्हा चावणाऱ्या निघतात पाऊण, म्हणजे एकसुद्धा नाही. एका आजाऱ्यामागे एक नवा आजारीही होत नाही. डास अजून आहेत, चावतायत, पण आजार आपोआप विझत जाणार.

हे ऐकल्यासारखं वाटतंय ना? २०२० मध्ये तुम्ही शाळेत होता, तेव्हा बातम्यांत रोज एक आकडा यायचा, आर. तो एकाच्या वर की खाली, यावर सगळ्यांचं लक्ष असायचं. त्या विचाराची एक मोठी मुळी रॉसच्या या गणितात आहे. रॉसबरोबर तरुणपणी पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या मॅकेंड्रिक नावाच्या डॉक्टरने १९२७ मध्ये केरमॅकच्या साथीने साथरोगांचं जे गणित मांडलं, ते आज जगभर शिकवतात. १९५० च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्डने रॉसची समीकरणं पुढे नेली.

साथीचं गणित हे आपलं मोठं काम, असं स्वतः रॉसला वाटायचं. त्याच्या काळातल्या बहुतेक डॉक्टरांना मात्र समीकरणं बघून पानं उलटावीशी वाटत. मेडिकलच्या मुलाने गणितात डोकं का घालावं, हा प्रश्न तेव्हाही होताच.

आपल्याकडे या विचाराची चव लवकरच आली. मुंबईतल्या मलेरियाचा तपास करून डॉ. बेंटले यांनी १९११ च्या अहवालात घराघरांतल्या विहिरींकडे बोट दाखवलं. शहरातला डास तिथल्या स्वच्छ पाण्यात वाढत होता. विहिरी झाका नाहीतर बुजवा, असं ठरलं, त्यावर धार्मिक भावना आल्या, वाद झाले, पण अनेक विहिरी बंद झाल्या. महापालिकेचे लोक आजही गच्चीवरच्या टाकीचं झाकण तपासायला येतात, ते त्याच परंपरेतून.

उरलेली बेरीज

रोनाल्ड रॉस १६ सप्टेंबर १९३२ ला लंडनमध्ये गेला. सर ही पदवी, नोबेल, स्वतःच्या नावाची संस्था, सगळं मिळालं होतं. तरी आपलं म्हणणं जगाने ऐकलं नाही, ही खंत त्याच्या लिखाणात शेवटपर्यंत दिसते. श्रेयाबद्दलची त्याची तक्रार आज कुणाच्या लक्षात नाही. दुसरी तक्रार मात्र अजून ताजी आहे. कारण कळलंय, उपाय माहीत आहे, तरी सरकारं पैसे घालत नाहीत आणि माणसं पिंप उपडं करत नाहीत, ही ती तक्रार.

आजचे आकडे बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२३ मध्ये मलेरियाने जगात सुमारे ६ लाख माणसं गेली. त्यातली बहुतेक आफ्रिकेतली, आणि आफ्रिकेतल्या दर चार मृत्यूंपैकी तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. डास सापडून सव्वाशे वर्षं उलटल्यानंतरचा हा आकडा आहे. भारतात मलेरिया खूप कमी झालाय, पण गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात तो अजून आहे.

आशा वाटावी अशीही एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या दाराशी आहे. २०२१ मध्ये मुलांसाठी मलेरियाच्या पहिल्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली, २०२३ मध्ये दुसऱ्या लशीला. ऑक्सफर्डमध्ये तयार झालेली ही दुसरी लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि आफ्रिकेतल्या मुलांना दिली जाते. ज्या शहराच्या आठवणीत १८९७ म्हणजे प्लेग आणि टोचणीची धास्ती, त्याच शहरातून आज परक्या देशातल्या मुलांसाठी लस जाते.

पण लसही एकटी पुरत नाही. मच्छरदाणी, औषध, साचलेलं पाणी, आणि मुलं किती वाचली याचा हिशेब, हे सगळं बरोबर लागतं. तुमच्यातलं कुणी मेडिकलला असेल, कुणी स्टॅटिस्टिक्सला, कुणी सिव्हिलला, कुणी नर्सिंगला. रॉसच्या कामात हे चारही विषय एकत्र आले होते, आणि ते एकत्र आले नाहीत तेव्हा काय होतं, ते मियाँ मीरने दाखवून दिलं. कुणाला कविता करायच्या असतील तर त्याही करा, त्याने काही बिघडत नाही.

आणि या २० ऑगस्टला स्टेटस टाकण्याआधी हॉस्टेलच्या कूलरचा ट्रे आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण तेवढं बघून या.